पहिली गाठ नदीची

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हाही नद्या होत्या, नदीकाठी माणसं राहत होती, आणि त्या माणसांना तिथून उठवल्याशिवाय राजांना चैन पडत नव्हतं. म्हणजे तशी फार जुनीही नसेल. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

एका राजधानीच्या कडेनं नदी वाहत होती. वरच्या अंगाला राजाचा महाल, बाजार, देवळं, सावकारांच्या माड्या. खालच्या अंगाला, पाण्याला लागून, चाळीस झोपड्यांची वस्ती. परीट, कुंभार, भोई आणि बुरूड तिथं मिळून राहत. शहरातले लोक तिला गाळवस्ती म्हणत आणि म्हणताना नाक मुरडत. त्यांची धोतरं तिथं धुतली जात, त्यांचं पाणी तिथल्या मडक्यांत गार होई, त्यांच्या ताटातला मासा तिथल्या जाळ्यातून येई. तरीही नाक मुरडत.

त्या वस्तीत सारजा नावाची परटीण होती. वय पन्नाशीचं, हात धोपटण्यानं घट्ट झालेले, जीभ सरळ. सगळे तिला आक्का म्हणत, कारण वस्तीची दोरी तिच्याकडे होती.

ही दोरी काय होती ते आधी सांगायला हवं. नदी दर पावसाळ्यात वस्तीत येई. पाहुणी येते तशी नव्हे, घरमालकीण येते तशी. लोकांना ते ठाऊक असे. ते शेरडं, भांडी आणि पोरं घेऊन टेकाडावर चढत, दहाबारा दिवस तिथं काढत आणि पाणी ओसरलं की खाली उतरत. खाली असे नुसता गुडघाभर गाळ. कोणाची झोपडी कुठं होती, याची खूणसुद्धा राहत नसे.

मग सारजा अंबाडीची लांबलचक दोरी आणायची. तिच्या आजेसासूच्या सासूनं वळलेली, दरवर्षी डागडुजी केलेली. दोरीचं एक टोक ती काळ्या धोंड्याला बांधायची. हा धोंडा पुरातही हलत नसे. त्याच्यावर सारजा कपडे धुई, तिची सासू धुई, सासूची सासू धुई. दोरी काठाकाठानं ताणली की गाठी दिसत. प्रत्येक घराची एक गाठ, आणि गाठीत त्या घरच्या जुन्या लुगड्याची किंवा धोतराची चिंधी. सारजा नाव घेई, त्या घरचं माणूस गाठीपाशी येऊन उभं राही, आणि तिथं त्याची झोपडी उभी राही. कोणाचा भाऊ वेगळा झाला, तर नवी गाठ पडे आणि बाकीचे हातभर सरकत. इतक्या वर्षांत या दोरीवरून एकदाही भांडण झालं नव्हतं. शहरात भिंतीच्या विटेवरून डोकी फुटत, ते निराळं.

पहिल्या गाठीला मात्र चिंधी नव्हती. पहिली गाठ नदीची. तिथपासून दुसऱ्या गाठीपर्यंत वीस हात जागा मोकळी सोडलेली असे. तिला नदीची वाट म्हणत. चढलेलं पाणी त्या वाटेनं वस्तीमागच्या पाणथळीत पसरे आणि पुढं निघून जाई. पूर ओसरला की चाळीस घरं आधी त्या वाटेतला गाळ उपसत, मगच आपापली जमीन सारवत. त्या वाटेमुळे पूर शहरात चढत नसे. शहराला हे ठाऊक नव्हतं, कारण शहरानं कधी विचारलं नव्हतं.

आणि वस्तीचा एक नेम होता. जागेला कोणी माझी म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, जागा नदीची. नदीनं ऐकलं की माणूस हक्क सांगतोय, तर ती रुसते आणि नेलेलं परत देत नाही, असं म्हाताऱ्या सांगत. सारजा हा नेम फार कडकपणे पाळायची.

एकदा काय झालं, राजा दूरच्या एका राज्यात पाहुणा म्हणून गेला. तिथं त्यानं नदीकाठी दगडी घाट पाहिला, घाटावर बाग पाहिली, बागेत हवा खात फिरणारे उमराव पाहिले. परत आला तो तोंड आंबट करूनच. महालाच्या सज्ज्यातून खाली पाहिलं तर दोऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, मडक्यांच्या भट्टीचा धूर, चिखलात खेळणारी पोरं.

"आपली नदी मेल्यासारखी दिसते," राजा म्हणाला. "काठाला नवा जीव द्या."

पाहा बरं. साऱ्या राजधानीत जिथं सगळ्यात जास्त जीव होता, तिकडं बोट दाखवून हा माणूस म्हणतो, जीव द्या. आणि दरबारातला एकही शहाणा हसला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी राजाचा मोजणीदार वस्तीत उतरला. मोठा गोड बोलणारा माणूस. वास सहन होईना म्हणून त्यानं नाकाला उपरणं लावलं होतं. ते उपरणं सारजानंच धुतलेलं होतं, याच काठावर.

सारजाच्या झोपडीपाशी थांबून त्यानं विचारलं, "बाई, ही जागा कोणाची?"

"नदीची, सरकार," सारजा म्हणाली.

"म्हणजे तुमची नाही?"

"आमची कशी असंल? नदी देती, नदी नेती. आमी आपले बसतो."

मोजणीदारानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या झोपडीत तोच प्रश्न, तेच उत्तर. येसू भोई म्हणाला नदीची. गोजरा बुरडीण म्हणाली नदीची. सारजा त्याच्या मागून चालत होती आणि मनातून सुखावत होती. एकानंही नेम मोडला नव्हता.

केरबा कुंभाराच्या दारात त्याची सून उभी होती, ठकू. डोंगराकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, अजून हळदही उतरली नव्हती. हात शेणामातीनं भरलेले.

"ही जागा कोणाची?"

"आमची," ठकू म्हणाली. "कालच सारवलीय मी."

मोजणीदाराची लेखणी थांबली. सारजा पुढं झाली आणि तिनं ठकूचा दंड धरला.

"नवी हाय, सरकार. तिला कळत न्हाई. नदीचीच जागा हाय. लिवा तुमी."

ठकूनं आक्काकडे पाहिलं, मग खाली मान घातली. मोजणीदार हसला आणि त्यानं लिहिलं. चाळीस घरांपुढं त्यानं एकच नोंद केली होती. ती नोंद नदीची अशी नव्हती. ती होती, कोणाचीच नाही.

आठ दिवसांनी दवंडी पिटली. नदीकाठी कोणाचीच नसलेली जागा सापडली आहे. तिथं घाट आणि बाग होईल. तिथं बसलेल्या लोकांची राजाला फार दया आली आहे. त्यांच्यासाठी लांबच्या माळावर पक्की, पांढरी घरं बांधली आहेत. त्यांनी राजाचे आभार मानावेत.

आणि त्यांनी मानले, हे सांगताना मला आजही संताप येतो. हात जोडून मानले. काय करणार? भाले घेऊन शिपाई उभे होते, आणि भिंती खरंच पांढऱ्या होत्या.

सारजा मात्र मोजणीदारापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सरकार, तुमी इचारलं म्हणून आमी खरं सांगितलं."

"मग मी कुठं खोटं लिहिलं, बाई?" तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, आमची नाही."

सारजा मागं वळली. तिनं काळ्या धोंड्याची दोरी सोडली, गुंडाळली आणि डोक्यावर घेतली.

माळावर काय होतं? भिंती होत्या. पाणी कोसभर लांब होतं. परटाला धुवायला घाट नाही, भोयाला नदी नाही, कुंभाराला माती नाही, बुरुडाला बांबू भिजवायला डोह नाही. घरांचं वाटप राजाच्या कारकुनानं डोळे मिटून केलं होतं. ज्यांच्या गाठी जन्मभर शेजारी होत्या, त्यांची दारं आता एकमेकांकडे पाठ करून बसली. काठावर एका चुलीवरचा विस्तव दहा घरांत जाई. माळावर प्रत्येकजण आपलं दार लावून आपली चूल फुंकत बसला.

मग एकेक घर हलू लागलं. येसू भोई समुद्राकडे गेला. गोजराचे दोन लेक कुठल्याशा किल्ल्याच्या बांधकामावर गेले, एकाचीच खबर आली. केरबा कुंभार चाकापाशी रिकामा बसून बसून खंगला आणि एका दुपारी चाकापाशीच गेला. त्याच्या माघारी त्याचा मुलगा आणि ठकू रस्त्याची खडी फोडायला निघाले. ठकू आता दोन जिवांची होती. निघताना ती सारजाच्या पाया पडली. एक शब्द वावगा बोलली नाही. बोलली असती तर सारजाला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी सारजा माळावर एका दगडावर बसून राहिली. समोरच्या मोकळ्या जमिनीवर एका टिटवीनं अंडी घातली होती. घरटं कसलं, चार खडे बाजूला केलेले. सारजानं पाय जरा लांब केला, तशी टिटवीनं ओरडून माळ डोक्यावर घेतला.

"अगं, गप," सारजा म्हणाली. "तुझं कोण काय नेतंय? चार खड्यांचं तर घर."

"चार खड्यांचं आहे म्हणूनच ओरडते," टिटवी म्हणाली. जुन्या काळी टिटव्या बोलत. "भिंत असती तर भिंतीनं राखलं असतं. मला भिंत नाही, गळा आहे. तुम्हालाही भिंती नव्हत्या. मग राजाचा माणूस आला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"नमस्कार केला," सारजा म्हणाली.

"आणि जी एक ओरडली?"

सारजानं पाय मागं घेतला. तिला दुःख झालं नव्हतं. राग आला होता. मोजणीदाराचा राग, राजाचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. नदीपुढं नम्र राहायचा नेम तिनं राजाच्या माणसापुढं पाळला होता. नदी नेलेलं परत देते. राजा देत नाही. एवढी साधी गोष्ट कालपरवा आलेल्या पोरीला कळली आणि दोरी सांभाळणारीला कळली नव्हती.

इकडे घाट बांधून झाला. गुळगुळीत पायऱ्या, कडेला बाग, बागेच्या मधोमध राजाला बसायला संगमरवरी चौथरा. नदीची वाट मोजणीदाराच्या नकाशात रिकामी जागा म्हणून नोंदलेली होती, तेव्हा तीही बुजवली. काळा धोंडा पायऱ्यांखाली गेला. उमराव संध्याकाळी हवा खायला येऊ लागले. घाटावर कोणी कपडे धुवायचे नाहीत, जाळं टाकायचं नाही, चूल मांडायची नाही, असे दगडावर कोरलेले हुकूम होते. नदीकाठ इतका स्वच्छ झाला की तिथं करण्यासारखं काही उरलंच नाही.

पहिला पावसाळा हलका गेला. दुसऱ्या पावसाळ्यात नदी नेहमीसारखी आली आणि आपली वाट शोधू लागली. वाट दगडांनी बंद होती. मग ती जिथून जाता येईल तिथून गेली. बाजारात गेली, धान्याच्या कोठारात गेली, देवळाच्या गाभाऱ्यात गेली आणि महालाच्या मुदपाकखान्यात जाऊन बसली. पूर पूर्वी दहाबारा दिवसांत ओसरत असे. या खेपेला महिना झाला तरी पाणी हलेना. कोठारातलं धान्य कुजलं. राजा वरच्या मजल्यावर बसून ओले जोडे बघत राहिला.

कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की गाळवस्तीला पाण्याची वाट ठाऊक होती. मग मोजणीदार माळावर आला. पाण्यातून चालत आल्यानं त्याच्या अंगाला घाण वास येत होता. उपरणं त्याच्याकडे नव्हतं.

"बाई, पाण्याची वाट नेमकी कुठं होती? नकाशात सापडत नाही."

"दोरीत हाय," सारजा म्हणाली.

"मग दोरी द्या."

"दोरी न्हाई मिळायची. मी येईन, आन् माझी उरलेली माणसं येतील. राजानं सोता चिखलात उभं ऱ्हायचं आन् बघायचं. आन् तुमी वही घेऊन यायचं. येक कोरी वही."

"राजांना चिखलात?"

आणि मग सारजा ओरडली. पन्नास वर्षांत ती कधी ओरडली नव्हती. ते तिच्या घशातून असं निघालं की माळावरची सगळी दारं उघडली आणि माणसं बाहेर आली. "व्हय, चिखलात. आमची पोरं जलमली त्या चिखलात. त्यो चिखल तुमाला घाण वाटला म्हणून आज तुमच्या देवाच्या डोक्यावर बसलाय. यायचं आसंल तर सांगा, न्हाईतर ऱ्हावा तसंच पाण्यात."

राजा आला. गरज पडली की राजे येतात. पाणी अजून मांडीभर होतं. पुरानं घाटाच्या खालच्या पायऱ्या उखडून टाकल्या होत्या आणि तिथं काळा धोंडा जसा होता तसा वर निघाला होता. सारजानं त्यावर हात ठेवला, मग दोरीचं टोक बांधलं आणि ताणत निघाली.

पहिली गाठ राजाच्या संगमरवरी चौथऱ्याच्या बरोबर मधोमध आली.

"ही नदीची," ती म्हणाली. "हितं बसला होता तुमी. फोडा."

"सगळा?" राजानं विचारलं.

"जेवढा बांधला तेवढा."

पहारी लागल्या. चौथरा फुटला, बाग खणली गेली, वीस हातांची वाट मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत पाणी खळाळत पाणथळीकडे निघालं. शहरातल्या लोकांनी गच्च्यांवरून आनंदानं टाळ्या वाजवल्या. राजानं मोठ्या मनानं हात उंचावला. "बाई, आम्ही प्रसन्न आहोत. तुमच्या लोकांना इथं परत येऊन राहायची परवानगी देतो."

"परवानगी मागितली न्हाई," सारजा म्हणाली. "अजून दोरी संपली न्हाई. उभं ऱ्हावा."

पाणी ओसरलेल्या गाळात ती पुढं चालली. दुसऱ्या गाठीपाशी तिनं हाक मारली, "येसू भोई." कोणी आलं नाही. तिसऱ्या गाठीपाशी, "गोजरा." काठी टेकत गोजरा आली आणि तिच्या मागं एकच लेक आला. चौथ्या गाठीपाशी कोणी आलं नाही. पाचव्याला एक पोरका मुलगा आला. असं चालत राहिलं. हाक जाई आणि कधी पाऊल वाजे, कधी नुसतं पाणी वाजे. घरांच्या चाळीस गाठींपैकी एकोणीस गाठींपाशी माणूस उभं राहिलं. उरलेल्या चिंध्या वाऱ्यावर हलत राहिल्या.

उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला मोजणीदारानं विचारलं, "ही जागा कोणाची?" आणि प्रत्येकानं मोठ्यानं सांगितलं, "आमची." त्यानं तसं लिहिलं.

केरबा कुंभाराच्या गाठीपाशी सारजा थांबली. तिथं कोणी नव्हतं. तिनं तीनदा हाक मारली.

"ही रिकामीच आहे," राजा जरा घाईनं म्हणाला. "पुढं चला."

सारजा गाळात खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि हाताएवढी जागा नीट, सावकाश सारवली. मग उठली आणि मोजणीदारासमोर उभी राहिली.

"इचारा," ती म्हणाली.

मोजणीदारानं खाली पाहत विचारलं, "बाई, ही जागा कोणाची?"

"ठकूची," सारजा म्हणाली. "कालच सारवलीय तिनं. त्या दिशी तिनं सांगितलं व्हतं, मी खोडलं. आता जसं सांगितलं व्हतं तसं लिवा."

त्यानं लिहिलं.

राजानं मग चारी दिशांना माणसं पाठवली, गेलेल्यांना शोधून आणायला. काही सापडले, बरेचसे सापडले नाहीत. ठकूचा पत्ता कधीच लागला नाही. दरवर्षी पूर ओसरला की दोरी ताणली जायची, तिच्या गाठीपाशी तीनदा हाक दिली जायची आणि तेवढी जागा सारवून मोकळी ठेवली जायची. राजालाही दरवर्षी त्या दिवशी तिथं येऊन चिखलात उभं राहावं लागे. ती अट सारजानं नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली होती.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्यांच्या घरांचं भलं करायला निघालात, त्यांना आधी विचारा, आणि त्यांचं उत्तर आपल्या सोयीनं लिहू नका, कारण बांधलेला दगड पुन्हा फोडता येतो, पण उठवलेलं माणूस हाक मारून परत येत नाही.